यंत्र वाचत नाही त्या ओळी

पाचव्यांदाही प्रिंटरमधून काही बाहेर आलं नाही, तेव्हा ताईची खात्रीच पटली, की धाकटी हातचं राखून शिकवतेय.

"अगं, शेवटची आज्ञा राहिली. पान बाहेर काढ असं सांगितल्याशिवाय तो काढणार कसा?" धाकटीने एक शब्द टाकला. पान आलं. पानावर एकच रेघ, तीही पार तळाशी.

"मी वर आखली होती."

"प्रिंटरच्या या भाषेत, पोस्टस्क्रिप्टमध्ये, खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतात, ताई."

सरळ माणसं कागद वरून मोजतात. ताईने तीस वर्षं तसाच मोजला आणि तसाच कापला. बहिणींच्या या छापखान्यात आकडे लिहून लेबलं न् फॉर्म आखायचे ते धाकटीने, छपाई आणि कापाई ताईची. मग आताच हिला शिकवण्याचा एवढा पुळका का आला? शिवाय दोन महिने धाकटी जुन्या फायली उघडून बसायची आणि ताई आत आली की घाईघाईने बंद करायची. परवा तर फोनवर हळूच म्हणाली, "तिला अजून सांगितलं नाही." कुठेतरी पाणी मुरत होतं. मागच्या गल्लीतल्या छापखान्याला सगळी कामं देऊन टाकणार असेल, दुसरं काय!

धाकटी शाई आणायला गेली, तशी ताईने औषधाच्या लेबलाची फाईल उघडली. आकडे, रेघा, पुन्हा आकडे. मधेमधे टक्क्याचं चिन्ह. त्या चिन्हापुढचं यंत्र वाचत नाही, ते माणसांसाठी असतं, एवढं आज सकाळीच कळलं होतं.

% ताई, हा आकडा वाढवलास तर चौकट रुंद होईल.

% ताई, इथे चुकलं तरी काही मोडत नाही. घाबरू नकोस.

दुसऱ्या फायलीत तेच, तिसऱ्या फायलीतही तेच. ताईला स्वतःची लाज वाटली. तरी हात थांबेना. शेवटच्या फायलीच्या तळाशी लिहिलं होतं:

% ताई, मला दूरच्या शहरात नोकरी लागलीये, हवी होती तशी. ते महिनाअखेरपर्यंत थांबणार आहेत. पण तुला हे वाचता येत नाही तोवर मी इथून हलणार नाही. वाचलंस की सांग.

ताईने ते दोनदा वाचलं. एकही शब्द अडला नाही. मग जिन्यावर पावलं वाजली आणि तिने फाईल बंद केली.

धाकटी शाईचे डबे घेऊन दारात थांबली. "जमलं का काही वाचायला?"

"कसलं गं जमतंय," ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "माझ्या डोक्यात काही शिरत नाही बघ. पुन्हा पहिल्यापासून सांग."

धाकटीने डबे खाली ठेवले आणि खुर्ची ओढून ती शेजारी बसली.