बारा वाजायच्या आत

कारंज्याच्या चौकात ते तिसऱ्यांदा येऊन पोहोचले, तेव्हा कोपऱ्यावरच्या कॅफेतल्या वेटरने न विचारताच सात खुर्च्या मांडल्या.

सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. हातातला जुना नकाशा त्यांनी उलटा केला, सुलटा केला आणि आपल्या सहा विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाले, "हा आणखी एक चौक. या राजधानीत कारंजी फार. लिहून घ्या."

सहाही जणांनी मुकाट्याने लिहून घेतलं. लंबूने कारंज्यातल्या दगडी माशाचा शेपटीकडून फोटो काढला. मघाशी तोंडाकडून काढला होता, त्याआधी बाजूने.

"मासा संपला," तो मॉनिटरच्या कानाशी पुटपुटला. "पुन्हा इथेच आलो तर काय काढू?"

मॉनिटरने खिशात हात घातला. इतिहासाच्या वर्गाची ही म्होरकी. हे नाव तिला पहिल्या वर्षी चिकटलं ते सुटलंच नाही. तिच्या खिशातल्या फोनला सगळे रस्ते ठाऊक होते. पण निघतानाच सरांनी बजावलं होतं, "शहर फोनमध्ये बघायचं असेल तर घरीच बसा. तिथे रस्ता मी दाखवीन."

सरांनी आयुष्यभर हेच शहर शिकवलं होतं. कुठल्या राजाने कुठला पूल बांधला, कुठल्या चर्चचा घुमट कुठल्या युद्धात पडला, सगळं तोंडपाठ. पाऊल मात्र या सहलीत पहिल्यांदाच ठेवलं होतं, तेही निवृत्तीच्या तोंडावर. आज तर ते टाय बांधून नाश्त्याला आले होते. आज घड्याळाचा मनोरा बघायचा होता. दुपारी बाराच्या ठोक्याला त्याची दारं उघडतात, लाकडी बाहुल्या बाहेर येतात आणि एक फेरी मारून आत जातात. दिवसातून एकदाच. उद्या पहाटे परतीचं विमान होतं, आणि बारा वाजायला आता फार वेळ उरला नव्हता.

"हे कारंजं जरा मघासारखंच वाटतंय, नाही?" सरांनी हळूच विचारलं. कपाळावर घाम होता.

"छे, सर," लंबू म्हणाला. "तो मासा जाड होता."

मॉनिटरने सरांच्या टायकडे पाहिलं. फोन काढावा तर पोरांसमोर सरांचं नाक कापलं जाणार. न काढावा तर बारा वाजणार, दोन्ही अर्थांनी.

"सर, मला दुकानात जायचंय. आत्ताच्या आत्ता."

"आत्ता? अगं, घड्याळ..."

"बायकांचं काम आहे, सर."

सर कानापर्यंत लाल झाले. नकाशाची घडी घालत म्हणाले, "जा, जा. आम्ही येतो मागून. लांबूनच."

कोटाच्या बाहीत फोन लपवून मॉनिटर तरातरा निघाली. मागे सर, मागे हसू दाबत बाकीचे. एक औषधाचं दुकान गेलं, दुसरं गेलं.

"अगं, ही काय दुकानं!" सर लांबूनच ओरडले.

"इथे चांगलं मिळत नाही, सर!"

ती डावीकडे वळली, पायऱ्या उतरली, एका अरुंद बोळातून जवळजवळ पळालीच. बोळ संपला आणि समोर माणसांची ही गर्दी. वर मनोरा.

"अरेच्चा!" धापा टाकत सर थबकले. "बघा! नकाशाप्रमाणेच आलो की नाही?"

"हो, सर," सगळे एका सुरात म्हणाले.

पहिला ठोका पडला. सर घाईघाईने पुढे झाले, विद्यार्थ्यांकडे तोंड आणि मनोऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, फळ्याकडे पाठ करून राहायचे तसे. घसा खाकरला.

"आता लक्ष द्या. आधी डावं दार उघडेल."

त्यांच्या पाठीमागे डावं दार उघडलं.

"पहिला येतो नगारेवाला. त्याचा एक हात मोडलेला आहे. मग राणी. ती कुणाकडेच बघत नाही."

नगारेवाला आला. राणी आली. सहाही जण माना वर करून, तोंडाचा आ वासून बघत होते. सर खुलले. इतका तल्लीन वर्ग त्यांना कधी मिळाला नव्हता.

"सर, मागे बघा," मॉनिटर म्हणाली.

"प्रश्न शेवटी. तर राणीच्या मागून..."

"अहो सर!"

तिने सरळ त्यांचे खांदे धरले आणि त्यांना गर्रकन फिरवलं.

सर बोलायचे थांबले. वर एक छोटंसं लाकडी अस्वल डुलत डुलत उन्हात येत होतं. ठोके पडत होते.

लंबूने वही सरसावली. "सर, हे अस्वल कशाचं प्रतीक?"

सरांनी मान वळवली नाही.

"श्श," ते म्हणाले. "बोलू नकोस रे. बघू दे."