एकसष्ट पुस्तकं

नजर फार तर दीड वर्ष टिकेल, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. घरी येताच इंदुमतीबाईंनी कपाटातली न वाचलेली पुस्तकं जमिनीवर काढली. एकसष्ट भरली. सगळी हौसेनं घेतलेली आणि 'निवृत्त झाल्यावर वाचू' म्हणून ठेवून दिलेली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाचनाचा धडाका लावला. भाजी करपायची, फोन वाजत राहायचा. एक पुस्तक हातात असताना डोळे उरलेल्या ढिगाकडे वळायचे. सहा आठवड्यांत चौदा पुस्तकं संपली.

त्यांचे यजमान दत्ताराम एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पेपरापलीकडे त्यांनी कधी काही वाचलं नव्हतं. चहा देताना त्यांनी सहज विचारलं, "कालच्या कादंबरीत काय होतं गं?"

इंदुमतीबाई सांगायला गेल्या आणि अडल्या. नायिकेचं नावसुद्धा आठवेना. "मी वाचतच नाहीये हो," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "नुसती पानं उलटतेय."

दत्तारामांनी तीच कादंबरी उचलली, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला घेतली. ओळीवर बोट ठेवून, अडखळत. दोनदा तर ओळच चुकले. इंदुमतीबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताराम खिडकीशी बसून एकटेच पुढची पानं वाचताना सापडले.

"अहो, माझ्याशिवाय?"

"थांब गं," ते मान वर न करता म्हणाले. "तिला होडी मिळते का, तेवढं बघू दे."

इंदुमतीबाई त्यांच्या शेजारी टेकल्या.

"मग मोठ्यानं वाचा की!"