सर्व्हरवाल्या ताईंचा भार

"दाजी, सहा माणसांच्या टीमला एवढं धूड कशाला?" मेव्हण्याने फळ्यावरचं 'कुबरनेटीस' पुसलं.

"उद्या काम वाढलं की तूच रडत येशील," म्हणत दाजींनी ते पुन्हा लिहिलं.

टीमलीड बाईंनी कपाळाला हात लावला. तीन आठवडे हेच चाललं होतं. भांडण आता घरीही पोचलं होतं. दाजींच्या बायकोने, म्हणजे मेव्हण्याच्या सख्ख्या बहिणीने, दोघांना बजावलं होतं, "पुन्हा सर्व्हरचं नाव काढलंत तर बाहेर जेवा."

त्यांचं सॉफ्टवेअर चाळीस कंटेनरांत, म्हणजे चाळीस छोट्या डब्यांत विभागलेलं होतं. कुठला डबा कोणत्या सर्व्हरवर चालवायचा, बंद पडला तर कुठे उभा करायचा, हे आपसूक बघणारं साधन निवडायचं होतं: दाजींचं अवजड 'कुबरनेटीस' की मेव्हण्याचं सुटसुटीत 'नोमॅड'. आजवर ते सगळं सर्व्हरवाल्या ताई एकहाती सांभाळत. कोपऱ्यात बसून बिचाऱ्या दिवसभर डबे उचलतात, या विचाराने बाईंना फार वाईट वाटे. म्हणून तर त्यांना एकाही बैठकीला बोलावलं नव्हतं. आधीच व्याप काय कमी होता?

शेवटी बाईंनी फर्मान काढलं. "दोघंही आपापलं लावून दाखवा. मी मधेच एका सर्व्हरची वायर उपटणार."

मेव्हण्याने 'नोमॅड' दुपारपर्यंत लावलं. दाजींना तीन दिवस लागले. बाईंनी वायरी उपटल्या. दोन्हीकडचे पडलेले डबे मिनिटभरात दुसऱ्या सर्व्हरवर उभे राहिले.

 दाजी उठले आणि फळ्यावरचं 'कुबरनेटीस' स्वतःच पुसलं.

"आपल्याला तुझंच झेपेल. पण मी हरलो असं घरी सांगायचं नाही."

"छे हो दाजी. दोघांनी मिळून ठरवलं म्हणू."

बाईंचा जीव भांड्यात पडला. तिघं हसतखिदळत कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेले. पाच वाजत आले होते. ताई पर्स आवरत होत्या.

"ताई, सुटलात तुम्ही!" बाई म्हणाल्या. "आपण नोमॅड घेतोय. सगळं त्याच्यावर हलवायला महिनाभर लागेल ना?"

ताईंनी पर्सची चेन ओढली.

"हलवायचं काय त्यात? मागच्या उन्हाळ्यापासून आपण त्याच्यावरच आहोत की."