सूर्य मावळायच्या आत

“रक्तस्राव न्हाई, मेंदूवर डागही न्हाई,” स्कॅन बघून डॉक्टर संघपाल म्हणाले, तेव्हा बसंतीबाईंच्या जिवात जीव आला. दुपारी परतूरच्या कापडदुकानात नवलकिशोरजींचा उजवा हात लुळा पडला, जीभ अडली. त्यांनी नवऱ्याला गाडीत घातलं आणि तडक जालना गाठलं. दवाखान्यात शिरेपर्यंत हात हलायला लागला होता. स्कॅनच्या खोलीत नवलकिशोरजींनी आपलं नाव बराबर सांगितलं म्हणे. पण बसंतीबाईंनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं नव्हतं, आणि आता तर ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून गप्प पडले होते.

“रक्त पातळ राहायची गोळी दिल्ती. घेता ना?” डॉक्टरांनी विचारलं.

नवलकिशोरजींनी डोळे मिटून घेतले. उत्तर बसंतीबाईंनीच दिलं.

“चौमासा लागल्यापासून यांचा चौविहार हाये, डॉक्टरसाहेब. सूर्य मावळला की अन्न न्हाई, पाण्याचा थेंब न्हाई. अन् तुम्ही गोळी लिहिली रात्रीच्या जेवणानंतर. आमच्यात रात्री जेवतंच कोण? बाकीच्या गोळ्या सकाळी घेतात. ही तेवढी राहून गेली.”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “अहो, मंग विचारायचं न्हाई का? यांच्या मानेतल्या रक्तवाहिनीत चरबीचा थर बसलाय. तो कुठं चिरला की शरीराला वाटतं, जखम झाली. रक्तातल्या बारक्या पेशी धावत येतात, एकमेकींना चिकटतात, गुठळी करतात. बोट कापलं तर हे बरंच आहे. पण मानेतली गुठळी सुटली की सरळ मेंदूत जाऊन अडकते. आज बारकी होती, विरघळली. दरवेळी नशीब एवढं उदार नसतं.”

“मंग गोळीनं थर निघतो?”

“न्हाई, थर तिथंच राहतो. गोळी त्या पेशींना चिकटू देत न्हाई, एवढंच. पण शरीर रोज नव्या पेशी तयार करतं, म्हणून गोळीही रोज. सकाळी घ्या, दिवस असताना घ्या, पण चुकवू नका.”

इतकं साधं होतं! बसंतीबाईंना हसावं की रडावं कळेना. डॉक्टरांनी आधी घोटभर पाणी पाजून पाहिलं, ते नीट गिळलं गेलं. मग गोळी पुढे केली. नवलकिशोरजींनी खिडकीकडे पाहिलं. समोरच्या गच्चीवर अजून पिवळं ऊन होतं. त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि वर ते गटागट पाणी प्यायले.

डॉक्टर बाहेर गेले. नवलकिशोरजी अजूनही गप्पच होते. हा रुसवा की आजार, बसंतीबाईंना ओळखू येईना. त्यांनी भीतभीत विचारलं, “अहो, काहीतरी बोला की.”

“काय बोलू?” ते एकदम उसळले. “माझं व्रत असं चारचौघांत सांगत बसतात का? डॉक्टरला काय वाटलं असंल? तुझ्या तोंडाला जरा तरी लगाम हाये का? बिलकुल न्हाई!”

शब्द सगळे स्वच्छ होते. एकही अडखळला नाही. शेजारच्या खाटेवरची बाई टकामका बघत होती. बसंतीबाई स्टूल पुढे ओढून त्यांच्या अगदी जवळ बसल्या.

“अजून रागवा,” त्या म्हणाल्या.