सैतानाचं तोंड

हे मी अजून घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

चर्चमधल्या देवदूताच्या पुतळ्याची डागडुजी माझ्याकडे आली होती. देवदूत ठणठणीत होता. त्याच्या पायाखालच्या सैतानाचं तोंड मात्र पार झडून गेलं होतं.

“चेहरा तुमच्या मनाने करा,” फादर म्हणाले. “फक्त बघताक्षणी कळलं पाहिजे, की वाईटाची सुरुवात इथून झाली.”

मला विचार करावाच लागला नाही. आई गेल्यापासून, म्हणजे पाच वर्षं, थोरल्या भावाशी माझा अबोला होता, आणि चूक अर्थातच त्याची होती. प्लास्टरमध्ये मी बाबांकडून आलेलं त्याचं बसकं नाक घडवलं, जाड भुवया घडवल्या. ओठाच्या कोपऱ्यातलं ते अतिशहाणं हसू तर पॉलिश पेपरने घासून घासून आणलं. आठ दिवस त्यातच गेले. देवदूताला नुसतं ओल्या फडक्याने पुसलं.

रविवारी मिस्सा संपल्यावर दादा पुतळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मी खांबाआडून मजा बघत होतो. सांगतानाही लाज वाटते. आता चिडेल, आता फादरांकडे तक्रार करेल, असं वाटत असतानाच तो सरळ माझ्याकडे आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते.



“वेड्या, सैतानाला स्वतःचा चेहरा दिलास? एवढं मनाला लावून घेऊ नकोस रे. मी तुला केव्हाच माफ केलंय.”