उद्या सकाळी दहाला

पाळणा दोघांना एकदमच दिसला. जुन्या फर्निचरच्या ढिगात, दोन कपाटांच्या मागे, उलटा टाकलेला. नवऱ्याने बाह्या सरसावल्या आणि तो कपाटांच्या फटीत आडवा घुसला.

"अहो, कंबर!" बायको ओरडली.

"कंबर नंतर बघू. तू पलीकडून धर."

तो शहरात बस चालवायचा. ती एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. दोघंही पन्नाशीला टेकलेली. मूल घरी आणायचं म्हणून संस्थेत नाव नोंदवून दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत त्यांनी घरात एक झबलंसुद्धा येऊ दिलं नव्हतं. सामान आणून ठेवलं आणि मूल आलंच नाही, तर ते सामान बघवणार नाही, असं ती म्हणायची.

आज सकाळी धुलाईघरात फोन आला. मुलगी आहे, उद्या सकाळी दहाला आणतो. अकरा महिन्यांची, असं तिने नवऱ्याला कळवलं. अर्ध्या तासात तो बदली ड्रायव्हरच्या हाती बस सोपवून धुलाईघराच्या दारात हजर. उतावळा नवरा म्हणतात तो हाच, असं तिच्या मैत्रिणी म्हणाल्या आणि त्यांनीच तिला बाहेर ढकललं.

तेव्हापासून दोघांनी शहरातली जुन्या सामानाची दुकानं पालथी घातली होती. स्टेशनमागच्या तळघरात कपड्यांचे डोंगर होते. तिने एकेक झबलं गालाला लावून पाहिलं. एकाच्या कोपरावर इतकं सुबक रफू होतं, की ते करणाऱ्या बाईला भेटून यावंसं तिला वाटलं. दुसऱ्या दुकानात नवऱ्याने सात खुळखुळे कानाशी वाजवले, इंजिनाचा आवाज ऐकतो तसे डोळे मिटून. तिसरीकडे बाळाला जेवू घालायची उंच खुर्ची मिळाली. ती डोक्यावर घेऊन तो भर रस्त्यातून चालला, लोक आपणहून बाजूला झाले.

"नातीसाठी वाटतं?" पाळणा सापडला त्या दुकानातल्या दुकानदारीणबाईंनी कौतुकाने विचारलं.

"मुलीसाठी!" तो इतक्या जोरात म्हणाला, की फुलदाण्या बघणारं एक गिऱ्हाईक दचकलं.

"बरं, बरं. मागचा एक पाय डुगडुगतो हं."

"डुगडुगू दे. घट्ट करतो." त्याने रिकाम्या पाळण्याला हलकेच झोका दिला आणि आत बघून जीभ काढून दाखवली. बायको पोट धरून हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

संस्थेतल्या ताई होत्या. "एक विचारायचं राहिलं. तुमच्या घराजवळ शाळा आहे ना? सहावीत आहे ती, मध्येच खंड नको पडायला."

"सहावीत?"

"हो. अकरा वर्षांची नाही का!"

सकाळी फोन आला तेव्हा तिच्या पाठीमागे चार मशीनं धडधडत होती. तिला 'अकरा' तेवढं ऐकू आलं होतं. पुढचं तिच्या मनानेच लावून घेतलं होतं.

ताईंना काय ते उमगलं. त्या जपून बोलल्या. "बारा वर्षांपर्यंत कुठलंही वय चालेल, असं तुम्ही फॉर्मवर लिहिलंय. पण नको असेल तर आत्ताच सांगा. दोन घरांतून परत आलीय ती. तिसऱ्यांदा तसं नको व्हायला."

तिने फोनवर तळवा दाबला आणि नवऱ्याला सांगितलं. त्याने पाळणा हाताने थांबवला. मग जवळच्या स्टुलावर बसला.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. आपण हिरमुसलो, याचीच तिला लाज वाटली. पण त्याहून मोठी होती ती भीती. तान्ह्या बाळाला काही कळलं नसतं. हिला सगळं कळणार. दारातून आत येईल, घर बघेल, आपल्याला बघेल आणि मनात काहीतरी ठरवेल. आपण तिला आवडलो नाही तर?

"अकरा वर्षांची," नवरा हळूच म्हणाला. "म्हणजे तिला विचारता येईल."

"काय?"

"तिला काय हवंय ते."

मग तिने फोन कानाला लावला.

"ताई, ती आहे का तिथे? तिच्याकडे द्या जरा."

फोन हातातून हातात गेला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येऊ लागला. बाळाशी काय बोलायचं हे तिला माहीत होतं, ते दिवसभर तोंडात घोळत होतं. हिच्याशी काय बोलायचं?

"हे बघ," ती एका दमात म्हणाली, "आमचा जरा घोटाळा झालाय. आम्ही सगळं तान्ह्या बाळाचं सामान गोळा करून बसलोय. पाळणासुद्धा. त्यात तुझे नुसते पाय मावतील."

पलीकडून बारीकसा आवाज आला. हसू असेल, नसेलही.

"तर आता तुझा पलंग तूच निवड. टेबलही. दिवा, चादर, काय हवं ते. सगळं जुनंच असतं इथे, पण शोधायला मजा येते बघ. उद्या दहाला आलीस की आपण तिघं दुकानं फिरू. येशील?"

नवरा उठला आणि फोनला कान लावून तिच्याजवळ उभा राहिला. दुकानदारीणबाईंच्या हातातलं फडकं तसंच थांबलं. बायकोने डोळे मिटून घेतले.

मग घाईघाईत आवाज आला, "आज किती वाजेपर्यंत उघडी असतात दुकानं?"