बँडेजचा पाय

दुःखात मत्सराला जागा नसते, असं शैलजाबाईंचं ठाम मत होतं. नवऱ्याचा हात मोडेपर्यंत ते टिकलं.

त्यांच्या स्वतःच्या उजव्या पावलाच्या नसा चार वर्षं पेटलेल्या होत्या. गोळ्या वेळेवर, पाय कोमट पाण्यात, आणि झोपताना पांघरूणसुद्धा पावलाला टेकू नये म्हणून पायथ्याशी पुठ्ठ्याचं खोकं. सगळं बिनबोभाट. अरविंदरावांच्या प्लास्टरला मात्र आठवडाभर शहाळी, चिकू आणि खालच्या शेजाऱ्यांचं सूप येत होतं. "तुम्ही अगदी टवटवीत दिसता हो," असं शैलजाबाईंना सांगून सगळे चहाची वाट बघत बसायचे.

रविवारी नणंद येणार म्हटल्यावर त्यांनी कपाटातून क्रेप बँडेज काढलं. उजव्या पावलाला त्याचा स्पर्शही सोसेना, म्हणून डाव्याला गुंडाळलं. अरविंदरावांना फरक कळायची भीती नव्हती. कोणता पाय दुखतो, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"अगं वहिनी, हे कधी झालं? आणि कळवलंही नाहीस?" नणंदेनं भावासाठी आणलेली शहाळी सोफ्यावर पाय पसरून बसलेल्या शैलजाबाईंपुढे ठेवली. अरविंदराव बघतच राहिले. शैलजाबाईंना चार वर्षांत प्रथमच बरं वाटलं.

"तू हलायचं नाहीस. चहा मी टाकते," असं म्हणत नणंदेनं बँडेजला धक्का न लावता, मायेनं, दुसऱ्या पावलावर थोपटलं.

किंकाळी ऐकून खालचे शेजारीही वर धावले. सगळ्यांनी मिळून बँडेजच्या पायाखाली आणखी एक उशी सरकवली.